रिकामे, परंतु कशाचे? : प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील अवकाश

चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या चित्रांविषयी बोलताना 'शून्य' हा शब्द फार सहज उच्चारला जातो. चित्रचौकटीचा बराचसा भाग मोकळा असतो. त्यात एखादे पान, फळ, घड्याळ, शंख किंवा ढग तरंगत असतो. आणि पाहणारा म्हणतो की, येथे शून्यता आहे. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे जे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, त्याचे नावही 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' असे होते. पालीच्या अभ्यासकास हा शब्द ऐकून आनंद वाटावा. प्रत्यक्षात थोडी शंकाच येते. शून्यता म्हणजे मोकळी जागा, असा सोपा समज यातून दृढ होतो. त्यामुळे शून्यता नीट कळत नाही आणि बरवे यांची चित्रेही कळत नाहीत.

मज्झिमनिकायातील चूळसुञ्ञतसुत्त या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात, भगवान आनंदास शून्यतेत विहार करणे म्हणजे काय ते समजावून देतात. हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे, सोने-रुपे यांनी रिकामा आहे. परंतु भिक्षुसंघाच्या दृष्टीने तो रिकामा नाही. जे नाही ते नाही म्हणून पाहावे आणि जे उरले आहे ते आहे म्हणून जाणावे, अशी ही पद्धती आहे. अर्थात 'सुञ्ञ' हा शब्द येथे एकटा येत नाही. रिकामे म्हटले की, कशाचे रिकामे आणि उरले काय, हे दोन प्रश्न मागोमाग येतात. बरवे यांच्या चित्रांसमोर हेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बरवे यांचा जन्म कोकणातील नागावचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९५९ साली पदविका घेतल्यानंतर ते १९६१ पासून काही वर्षे वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते. तेथे त्यांचा तांत्रिक चित्रपरंपरेशी परिचय झाला आणि त्या दशकातील त्यांच्या चित्रांत तिचा प्रभाव स्पष्ट दिसतो. 'किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स' (१९६७) या चित्रात पत्त्यांतील राजा-राणी येतात. हे चित्र समर्थ आहे. तथापि पत्त्यावरील राजा काय किंवा तांत्रिक आकृती काय, ही प्रतीके आपला अर्थ बरोबर घेऊनच येतात. प्रेक्षक तो अर्थ ओळखतो आणि पाहणे तेथेच थांबते.

पुढील काळातील चित्रांत हा आधार सुटतो, आणि बरवे यांची खरी थोरवी येथून सुरू होते, असे माझे मत आहे. आता घड्याळ आहे; परंतु ज्या भिंतीवर ते असायचे ती भिंत नाही. फळ आहे; ज्या ताटात ते ठेवायचे ते ताट नाही. पान आहे, झाड नाही. आकारांचे नेहमीचे प्रमाणही सुटलेले असल्याने पान आणि घड्याळ एकमेकांच्या तोलाचे होतात. वस्तूचे स्थान, तिचा उपयोग आणि तिची मालकी यांनी हे चित्र रिकामे झाले आहे. उरते ती वस्तूची कडा, तिची सावली, एनॅमल रंगाचा पसरट थर आणि दोन वस्तूंमधील अंतर. हे अंतर रिकामे नाही; चित्रातील सर्व ताण त्यातच असतो. वर उल्लेखिलेल्या सुत्तात पृथ्वीचे ध्यान करणाऱ्या भिक्षूला नद्या, खाचखळगे, खुंट हे सर्व मनातून दूर सारावे लागते. आणि दृष्टांत दिला आहे तो शंभर खुंट्यांनी ताणून सुरकुत्या काढलेल्या बैलाच्या कातड्याचा. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास पाहताना हा दृष्टांत आठवल्यावाचून राहत नाही. बरवे यांच्या मराठी ग्रंथाचे नावही 'कोरा कॅनव्हास' (१९९०) असेच आहे.

ही चित्रे स्वप्नासारखी वाटतात, असे म्हटले जाते. ते खरे आहे. पण त्याचे कारण संज्ञेच्या व्यापारात शोधावे लागेल. सुतार लाकडावर खूण करतो, ती पुढे पाहताच ओळखता यावी म्हणून. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त संज्ञेचे कार्य असे सांगितले आहे. गवताच्या बुजगावण्यास माणूस समजणाऱ्या हरिणाच्या पाडसांचा दृष्टांतही तेथेच येतो. आपण दिवसभर अशा खुणांवरच चालतो. घड्याळ दिसले की वेळ पाहतो, घड्याळ पाहत नाही. बरवे खूण कायम ठेवतात आणि तिचा उपयोग काढून घेतात. ओळख पटते, परंतु ती कामास येत नाही. या क्षणिक अडखळण्यास आपण स्वप्न म्हणतो. वस्तुतः ते जागेपणाच्या अधिक जवळचे असते.

सर्वच चित्रांत हे साधते असे नाही. काही ठिकाणी पान, फळ, शंख यांची मांडणी सवयीची होते. उपयोगापासून सुटलेली वस्तू तेथे 'बरव्यांची वस्तू' म्हणून ओळखली जाते; म्हणजे जुनी खूण जाऊन नवी खूण बसते. ज्याने संज्ञेला अडवले, त्याच्या चित्रातही ती अशी मागल्या दाराने परत येते.

आणखी एक मर्यादा आहे. तिला दोष म्हणता येणार नाही. सुत्तातील साधक अरण्याची संज्ञा सोडतो, मग पृथ्वीची, आणि पायरीपायरीने पुढे जात आस्रवांपासून मुक्त होतो. चित्रकाराला शेवटची वस्तू सोडता येत नाही. सोडली तर चित्र उरणार नाही. बरवे पानापाशी थांबतात. म्हणून या चित्रांना बौद्ध चित्रे म्हणण्याचा मोह आवरावा, हे उचित. शून्यतेची शिकवण त्यांत नाही. परंतु काय नाही ते पाहावे आणि काय उरले ते नीट जाणावे, एवढी शिस्त त्यांपैकी उत्तम चित्रे डोळ्यांना निश्चित लावतात. आणि तिची गरज सुत्ते वाचणाऱ्यांनाही आहे.