कट प्रॅक्टिस आणि कायद्याची दृष्टी

वैद्यक व्यवसायातील ‘कट प्रॅक्टिस’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात इतका रूढ झाला आहे की, त्यास मराठी प्रतिशब्द शोधण्याची निकड कोणास भासली नाही. एका डॉक्टराने रुग्ण तज्ज्ञाकडे, रुग्णालयाकडे वा तपासणी केंद्राकडे पाठवावा आणि रुग्णाने भरलेल्या रकमेतील हिस्सा त्याच्याकडे परत यावा, असा हा व्यवहार होय. तो निंद्य आहे याविषयी दुमत नाही. परंतु आपला कायदा त्यात नेमका कोणता दोष पाहतो? या प्रश्नाचा विचार पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांतील कलम ६.४ अन्वये रुग्ण पाठविण्याच्या मोबदल्यात भेट, दलाली वा बक्षिसी देणे, मागणे व घेणे निषिद्ध आहे. तपासणीसाठी नमुने पाठविण्यासही हा निर्बंध लागू आहे. शब्दयोजना व्यापक आहे; तथापि तिचा सारा भर ‘मोबदला’ या कल्पनेवर आहे. शिवाय या विनियमांचा अंमल नोंदणीकृत डॉक्टरांवर चालतो. तपासणी केंद्राच्या मालकापर्यंत तो पोचत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ च्या सुमारास पुण्यातील एका केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला आणि त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. घेणाराच तक्रारदार व्हावा हा योग विरळाच. एरवी देणारा व घेणारा दोघेही संतुष्ट असतात आणि ज्याचे पैसे जातात त्या रुग्णास या व्यवहाराची वार्ताही नसते.

राज्य शासनाने २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व विधेयकाचा मसुदा तयार करविला. संस्थांनाही कक्षेत घेणे हे त्याचे श्रेय. पण मूळ कल्पना मोबदल्याचीच राहिली, फक्त तीस तुरुंगवासाची जोड मिळाली. शिक्षा जितकी कठोर, तितका पुरावा अधिक काटेकोर हवा. प्रामाणिक डॉक्टरही पोलीस चौकशीत गोवला जाईल, ही डॉक्टरांची भीतीही सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही.

अमेरिकेत १९७२ पासून दलालीविरोधी कायदा आहे. त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. १९८९ च्या ‘स्टार्क’ कायद्याने निराळी वाट धरली. डॉक्टराचा वा त्याच्या निकटच्या कुटुंबीयाचा ज्या संस्थेत आर्थिक संबंध आहे, तेथे ठराविक सेवांसाठी रुग्ण पाठविणेच, अपवाद वगळता, त्याने वर्ज्य केले. हेतूची चौकशी नाही. संबंध दिसला की पुरे. आपल्याकडे नेमकी हीच दृष्टी उणी आहे.

मात्र या कायद्याची उसनवारी करूनही भागणार नाही, हे आपला औद्योगिक पट्टा दाखवितो. ‘स्टार्क’ कायदा मुख्यत्वे सरकारी विम्याच्या पैशाचे रक्षण करतो. त्याच धर्तीवर विचार केला, तर विमाधारक कामगार चिंचवडच्या मोहननगर येथील कर्मचारी राज्य विमा रुग्णालयात जातो. त्यास बाहेर पाठविले तरी देयक महामंडळाकडे येते. कोण कोणास पाठवितो याचा हिशेब निदान एका जागी राहतो. पण भोसरीतील पाच-सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये ज्याचा हात यंत्रात सापडला, किंवा चाकणला ज्याचा पगार २०१७ पासूनच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेला, तो बहुधा खिशातून वा उसनवारीने पैसे भरतो. त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही. रक्षणाची गरज त्यालाच अधिक आहे.

म्हणून पैसे कोण भरतो हे न पाहता, आर्थिक संबंध लेखी जाहीर करण्याचे बंधन डॉक्टर व संस्था या दोघांवरही असावे, असे आम्हांस वाटते. चाकणच्या डॉक्टराने सी. टी. स्कॅनसाठी रुग्ण अन्यत्र पाठविणे हा गुन्हा नव्हे, ते त्याचे कर्तव्यच आहे. त्या चिठ्ठीमागे आपल्या डॉक्टराचा कोणता हितसंबंध आहे, हे जाणण्याचा अधिकार रुग्णास असावा, एवढेच मागणे आहे. ज्या कायद्यात रुग्णाला स्थान नाही, तो व्यवसायाची प्रतिष्ठा राखील. रुग्णाला राखणार नाही.