ऑक्टोपस राहिला बाजूला

‘माय ऑक्टोपस टीचर’ला २०२१ साली ऑस्कर मिळालं आणि विज्ञानपटाच्या जुन्या दुखण्याला एकदम राजमान्यता मिळाली. केप टाउनजवळच्या थंड पाण्यात उतरणारा क्रेग फॉस्टर कामाला विटलेला आहे, मुलाशी त्याचं नातं सैल पडलं आहे, आणि त्याला सावरायला एक मादी ऑक्टोपस भेटते. चित्रण अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. शार्क तिचा एक बाहू तोडून नेतो आणि तो हळूहळू पुन्हा उगवतो, हा प्रसंग तर कुठल्याही जीवशास्त्रज्ञाला हेवा वाटावा असा. पण बाहू पुन्हा उगवतो म्हणजे नेमकं काय होतं? ऑक्टोपसच्या निम्म्याहून जास्त चेतापेशी बाहूंमध्ये असतात. मग नव्या बाहूत त्यांची जोडणी कशी होते? कॅमेरा तिथे थांबत नाही. तो पुन्हा फॉस्टरच्या चेहऱ्यावर येतो, आणि तिच्या जखमेबरोबर त्याचीही जखम भरून येत असल्याचं आपल्याला कळतं. हा विज्ञानपट नाहीच, आत्मकथन आहे, असा बचाव केला जातो. तो मान्य करायला हरकत नाही. फक्त मग या चित्रपटाने आपल्याला ऑक्टोपस समजावून दिला, असं म्हणणं सोडावं लागेल.

आत्मकथन करायचंच तर जाँ पँलवेइतका ऐवज फार थोड्यांकडे होता. १९०२ साली जन्मलेला, गणितज्ञ आणि फ्रान्सचा पंतप्रधान असलेल्या बापाचा हा मुलगा शर्यतीच्या मोटारी हाकत होता, अतिवास्तववाद्यांच्या गोतावळ्यात वावरत होता, आणि पाणबुडी साधनं बाल्यावस्थेत होती तेव्हा कॅमेरा घेऊन समुद्रात उतरत होता. १९२८ मध्ये स्टिकलबॅक माशाच्या अंड्यावरची फिल्म त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखवली, तेव्हा सिनेमा ही काही गंभीर गोष्ट नव्हे म्हणून एक विद्वान तडकाफडकी उठून गेले. एवढं सगळं गाठीशी असून पँलवेने आपलं साहस पडद्यावर फिरकू दिलं नाही. ‘समुद्रघोडा’ (१९३४) पाहावा. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते आणि पुढचं गर्भारपण नराच्या वाट्याला येतं. आर्काशोंच्या उपसागरात आणि काचेच्या टाक्यांत टिपलेल्या या फिल्ममध्ये नराला कळा येतात, तो आकसतो, पुन्हा ताठतो, आणि पिशवीच्या तोंडातून इवलाली पिलं झटक्यासरशी बाहेर फेकली जातात. पँलवे मग ती पिशवी कापून आतली रचना दाखवतो. आणि हे सगळं फार गंभीर होतंय असं वाटेपर्यंत समुद्रघोड्यांच्या मागे खऱ्या घोड्यांची शर्यत धावू लागते! पाण्याखाली उतरायला किती धाडस लागलं, याबद्दल चकार शब्द नाही.

तेहतीस वर्षांनी, १९६७ मध्ये, जुनी सहकारी जनव्हिएव्ह आमाँ हिच्यासोबत त्याने ‘ऑक्टोपसचे प्रणय’ केला, आणि फॉस्टरशी तुलना इथेच अटळ होते. पिएर आंरीचं इलेक्ट्रॉनिक संगीत अंगावर काटा आणतं. नर दुरूनच आपला एक बाहू मादीच्या शरीरात घालतो. या मीलनात मवाळ म्हणावं असं काही नाही. पुढे छताला घोसांसारखी लटकलेली अंडी येतात, त्यांवर पाण्याचे झोत सोडत राहणारी आई येते, आणि अंड्याच्या पारदर्शक भिंतीआडून गर्भाचे डोळे दिसू लागतात. फॉस्टरच्या चित्रपटातली आईही अंडी राखता राखता मरते. पण तिथे आपण फॉस्टरसाठी हळहळतो. पँलवेच्या ऑक्टोपसला कुणाला काही शिकवायचं नाही. ती आपल्याहून वेगळी आहे आणि शेवटपर्यंत वेगळीच राहते.

पँलवेही प्राण्यांवर माणूस लादतच होता, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. समुद्रघोड्याच्या पितृत्वाचं कौतुक काय, ‘व्हॅम्पायर’मध्ये (१९४५) ड्यूक एलिंग्टनच्या जॅझवर रक्त पिणारं वटवाघूळ आणि त्याच्या उचललेल्या पंखात दिसणारी नाझी सलामी काय! पण ही रूपकं उघडीवाघडी आहेत. सलामी पाहताना प्रेक्षकाला पक्कं कळतं की हा दिग्दर्शकाचा टोमणा आहे, वटवाघळाचं मत नव्हे. आजच्या माहितीपटांत हीच लादणी अश्रू आणि व्हायोलिनच्या पडद्याआडून येते, आणि निरीक्षण म्हणून खपते. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ त्याच गोडव्यात बुडालेला. बीबीसीच्या भव्य मालिकांबद्दल एवढंच, की प्रत्येक पाठलागाला ढोल वाजवल्यावर पाठलागात पाहण्यासारखं काही उरत नाही.

नायकाशिवाय लोक पाहणारच नाहीत, हे निर्मात्यांचं ठेवणीतलं उत्तर. त्यासाठी समुद्रात उतरून चित्रपट करणाऱ्या कूस्तोचा दाखला दिला जातो. ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि लाल टोपीतले खलाशी घरोघरी पोचले, हे खरंच. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याविरुद्ध कूस्तो उभा राहिला, त्यामागे ही लोकप्रियता होती, हेही खरं. पण त्याच चित्रपटात मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावला जातो. कूस्तोच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्याने जखमी झालेलं व्हेलचं पिल्लू मारलं जातं, आणि त्याच्याभोवती जमलेल्या शार्कना खलाशी ओढून काढून डेकवर कुऱ्हाडीने तोडतात. पँलवेही प्राणी कापतो, पण आत काय आहे ते दाखवायला. कूस्तोचे खलाशी सूड घेतात, आणि कथा त्यांची असल्यामुळे सूड शौर्यात जमा होतो. नायकाची किंमत ही अशी, प्राण्यांनी मोजलेली.

आणि नायकावाचून अडतं, हे तरी कुणी सांगितलं? दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून जी छोटी फिल्म केली, तिच्यात साहस नव्हतं, नायक नव्हता, अश्रू नव्हते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे करायला त्यांनी दाखवली ती हीच, आणि यशवंत नाडकर्णींनी ती पाहूनच कर्ज देऊ केलं. फाळक्यांचं स्वतःचं आयुष्य काही कमी नाट्यमय नव्हतं: विमा गहाण, डोळे जवळजवळ गेलेले. त्यातलं काहीही त्या कुंडीत नव्हतं. एक व्यवहारी माणूस अंकुर वर येताना पाहून पैसे काढायला तयार झाला. तेव्हा निर्मात्यांनी निदान प्रेक्षकाला दोष देऊ नये. अंकुर दाखवायला धीर लागतो, फ्रेमामागून फ्रेम घेत बसावं लागतं. रडणारा नायक खुर्चीवर बसवला की दोन दिवसांत चित्रण उरकतं. कारण एवढंच आहे.