सापांवाचून संत पॅट्रिक

संत पॅट्रिक हे पुण्याला परके नाहीत. १८५० साली छावणीतील आयरिश सैनिकांसाठी उभारलेल्या व पुढे धर्मप्रांताचे कॅथेड्रल झालेल्या मंदिराचे ते आश्रयदाते. तरीही १७ मार्च जवळ आला की लेखांतून व धर्मशिक्षणाच्या वर्गांतून तीच कथा ऐकू येते : संतांनी काठी उगारली आणि आयर्लंडमधील सारे साप समुद्रात गेले.

आम्हांस ही कथा खटकते. कात्रजच्या मुलांना तर ती सांगूच नये. सर्पोद्यान त्यांच्या अंगणातले; साप उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतो, हे ती जाणतात. शेजारी नागपंचमीला नाग पूजतात. अशा ठिकाणी साप म्हणजे मूर्तिपूजा असा अर्थ लावणे हा शेजाऱ्याचा उपमर्दच. शिवाय कथेला पाया नाही. आयर्लंडात साप नाहीत, हे रोमन लेखक सोलिनस याने पॅट्रिक यांच्या आधीच लिहून ठेवले होते. चरित्रांत ही कथा शिरली ती संतांच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी.

पाचव्या शतकातील या महागुरूंचे स्वतःचे दोन लॅटिन लेख मात्र उपलब्ध आहेत : एक आत्मनिवेदन व एक पत्र. निवेदन अडखळत चालते. अपुऱ्या शिक्षणाची लाज लेखक पुनःपुन्हा बोलून दाखवतात. आजोबा धर्मगुरू, वडील डीकन. तरी सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवून नेईपर्यंत आपणांस देवाची ओळख नव्हती, हे ते झाकत नाहीत. सहा वर्षे गुलामी, गुरे राखणे, दिवसाला शंभरेक प्रार्थना. ज्यांच्या तावडीतून सुटले, त्यांच्याकडेच ते पुढे महागुरू होऊन परतले. जिवलग मित्राने त्यांचे पंधराव्या वर्षाच्या सुमाराचे पाप उघड केले आणि वडीलधाऱ्यांनी त्यावरून आक्षेप घेतला, ती पाने फार दुखरी आहेत. भाविक चरित्रकार ती सहसा गाळतात. आमच्या मते ग्रंथाचा गाभा तोच.

पत्राचा सूर निराळा. कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांनी, तेही ख्रिस्ती म्हणवणाऱ्या, नुकताच स्नानसंस्कार घेतलेल्यांना कापले. त्यांच्या अंगावर अजून शुभ्र वस्त्रे होती, कपाळावर अभिषेकाचे तेल होते. उरलेल्यांना गुलाम केले. पॅट्रिक यांनी आधी एका धर्मगुरूबरोबर विनवणीचे पत्र पाठवले, सैनिक हसले. मग हे दुसरे. बंदिवान सोडून प्रायश्चित्त करीपर्यंत या लोकांच्या पंक्तीस बसू नये, त्यांचे दान घेऊ नये, आणि हे पत्र खुद्द कोरोटिकसच्या देखत वाचावे, असे ते बजावतात.

पत्र लहान आहे. धर्मशिक्षणाच्या एका तासात मुलांना ते वाचून दाखवता येईल.