हौशी रेडिओचा इतिहास: ४२.३४ मीटरवर काय राहून गेलं?

भारतातल्या हौशी रेडिओचा इतिहास ज्या पद्धतीने सांगितला जातो, तिच्याबद्दल आमची तक्रार आहे. सुरुवात १९२१ मधल्या कलकत्त्यापासून, अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्यापासून. मग राजीव गांधींची व्हीयू२आरजी ही कॉलसाइन. मग भूकंप, त्सुनामी, महापूर. आणि शेवटी 'सगळं बंद पडलं तरी हॅम चालू राहतो' यावर टाळ्या. यातली माहिती खोटी नाही. पण हा इतिहास झाला का? ही तर शिफारसपत्रं झाली! हौस ही हौस म्हणून पुरेशी नाही, ती उपयोगाची ठरली तरच मान, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. १९४२ चा मुंबईतला काँग्रेस रेडिओ. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या इथे येरवड्याला होत्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये त्यावर 'ऐ वतन मेरे वतन' हा चित्रपटही आला. पण हा रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा, या आकड्यापाशी कुणी थांबत नाही. जरा भागाकार करून बघा. उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आजही हॅम मंडळी जिथे रोज गप्पा मारतात, तो ४० मीटरचा पट्टा!

कायद्याच्या भाषेत तो हौशी रेडिओ नव्हता, हे आधीच सांगतो. हौशी परवान्यावर जनतेसाठी प्रसारण करता येत नाही, राजकीय तर नाहीच. शिवाय महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये ते परवानेच रद्द झाले होते. पण परवाना रद्द झाला म्हणून हातातलं कसब कुठे जातं? ट्रान्समीटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे स्वतः हौशी रेडिओवाले. कॉइल गुंडाळणं, साधारण २० मीटरची तार ताणणं, संच जुळवणं हे शांततेच्या काळात, कुणी विचारत नसताना शिकलेलं होतं. २७ ऑगस्टला आवाज निघाला तो त्या 'निरुपयोगी' संध्याकाळींच्या जोरावर.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. पोलिसांच्या हाती लागल्यावर याच प्रिंटर यांनी ठिकाण दाखवलं. १२ नोव्हेंबरला सगळं संपलं. गौरवगाथेला हा माणूस अडचणीचा, म्हणून तो एकतर गाळला जातो किंवा नुसता फितूर म्हणून उरतो. आमचं म्हणणं, दोन्ही ठेवा. तंत्र येतं म्हणून धैर्य येतंच असं नाही; आणि धैर्य कितीही असलं तरी तंत्राशिवाय आवाज पोचत नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे या. भोसरी ते चाकण, हाताने काम जाणणाऱ्यांचा हा मुलूख. सोल्डरिंग येणारी, लेथ चालवणारी, मोटर रिवाइंड करणारी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतील. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, जेमतेम १ किलोचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. हॅम मंडळींचे निरोप साठवून पुढे द्यावेत, हा त्याचा हेतू. दिशा धरायला आत चुंबक. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतं, त्याला वीज लागत नाही. किती साधी आणि किती देखणी युक्ती! बातमीत मात्र 'विद्यार्थ्यांची गगनभरारी' एवढंच उरतं. ती युक्ती कशी सुचली, किती वेळा फसली, हे कोण लिहिणार?

म्हणून आमचा आग्रह एवढाच: इतिहास लिहायचा तर नामांकितांच्या यादीपासून नको, लॉगबुकपासून सुरुवात करा. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचा आवाज कसा आला, हे हॅम हाताने लिहून ठेवतो. संपर्काची खूण म्हणून आलेली क्यूएसएल कार्डं, वहीत काढलेली सर्किटं, जुने संच हे सगळं माणूस गेला की रद्दीत किंवा भंगारात जातं. तांब्याचा भाव किलोवर मिळतो, वहीला तोही नाही. घरात अशी एखादी वही असेल, तर ती विकण्याआधी एकदा उघडून वाचा.