'मिगेल स्ट्रीट'मधील इलायस : शैक्षणिक स्थगिती व गळतीचे चित्रण

व्ही. एस. नायपॉल यांच्या 'मिगेल स्ट्रीट' (१९५९) या कथासंग्रहातील इलायसची कथा बहुधा विनोदी कथा म्हणून वाचली जाते. परंतु शैक्षणिक स्थगिती, म्हणजे विद्यार्थ्याचे एकाच टप्प्यावर अडकून राहणे, आणि त्यातून होणारी गळती यांच्या संदर्भात तिचे पुनर्वाचन आवश्यक ठरते.

कथेचे स्थळ त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन हे शहर असून काळ वसाहतकालीन आहे. घरात बापाची मारहाण, आईचा मृत्यू. तरीही अभ्यासू इलायसला डॉक्टर व्हायचे आहे. केंब्रिज स्कूल सर्टिफिकेट परीक्षेत तो प्रथम अनुत्तीर्ण होतो व पुढे जेमतेम तृतीय श्रेणी मिळवतो. मग तो स्वच्छता निरीक्षकाच्या परीक्षेकडे वळतो. ब्रिटिश गयाना व बार्बाडोस येथे जाऊनही पदरी अपयशच येते. अखेरीस तो कचऱ्याची गाडी हाकू लागतो आणि हेच काम आपणास आवडते असे सांगतो.

प्रत्येक परीक्षेगणिक इलायसची आकांक्षा एकेक पायरी खाली उतरते. उत्तरपत्रिका तपासणारे इंग्रजच, मग दुसरे काय होणार, हा गल्लीतील माणसांचा शेरा हास्यास्पद वाटला तरी परीक्षेची सूत्रे सातासमुद्रापार होती हे सत्य तो सांगून जातो. त्याच परीक्षेत द्वितीय श्रेणी मिळवणारा निवेदकही शेवटच्या कथेत परदेशी शिष्यवृत्ती मिळवतो ती मंत्र्याला लाच देऊन. एकाला परीक्षेने अडवले, दुसऱ्याला वशिल्याने सोडवले. मग गुणवत्तेचे माप ते कोणते, हा प्रश्न संग्रहात अनुत्तरित राहतो.

मात्र लेखकाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. नायपॉल स्वतः शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये इंग्लंडला गेले. निवेदकाची दृष्टीही सुटलेल्याची आहे. अडकलेल्याचे अंतर्मन वाचकापुढे येत नाही. इलायसच्या शेवटच्या समाधानाला निवेदक हसून निरोप देतो, त्यामागील पराभव मात्र वाचकालाच शोधावा लागतो.

त्रिनिदादमध्ये १९६१ साली माध्यमिक प्रवेशासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली व २००१ मध्ये तिची जागा नव्या परीक्षेने घेतली. नाव बदलले, निवडीचे दार कायम राहिले. म्हणूनच इलायसचे अपयश हे व्यक्तीचे वैगुण्य नसून व्यवस्थेचे फलित आहे, असा निष्कर्ष काढता येतो. अनुत्तीर्णांच्या यादीकडे आकडेवारी म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने ही कथा वाचावयास हवी.