अंगुलिमाल सुत्त आणि पीडितांचा आक्रोश

फाशीच्या शिक्षेचा वाद उपस्थित झाला की आपल्याकडे मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्ताचा दाखला हमखास दिला जातो. फाशीविरोधक त्यात करुणेचा विजय पाहतात. मारल्या गेलेल्यांच्या आप्तांचे काय, असे विरुद्ध पक्ष विचारतो. आमच्या मते दोन्ही पक्षांचे वाचन अपुरे आहे.

सुत्तात पीडित अनुपस्थित नाहीत. ओस पडलेली गावे आहेत, राजवाड्याच्या दाराशी लोकांचा आक्रोश आहे. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वारांसह निघतो. पुढे भिक्खू अंगुलिमालाचे डोके ढेकळांनी व खापऱ्यांनी फुटते. तथागत त्याला हे कर्मफळ सोसावयास सांगतात. लोकांना दोष देत नाहीत. मात्र मृतांच्या आप्तांपैकी एकालाही येथे स्वतःचे शब्द नाहीत, ही उणीव मान्य केली पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात ती काही अंशी भरून निघते. अंगुलिमालाला भिक्षुवेषात पाहून लोक भयभीत झाले, त्यांनी तक्रार केली. तेव्हा अशा कुख्यात चोराला पब्बज्जा देऊ नये, असा नियम तथागतांनी घातला. अपराध्याचा जीव वाचला आणि लोकांचे म्हणणेही ऐकले गेले.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील ४ जणांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने ६ जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिचे २५ वर्षांच्या कारावासात रूपांतर केले. समाज संतप्त झाला. परंतु आमच्या लेखी खोल जखम फाशी टळल्याची नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दोन्ही न्यायालयांत सिद्ध मानला गेला नाही, ही खरी जखम आहे. फासाचा दोर ती भरून काढू शकला नसता.

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करण्यास अनुकूलता दर्शविली होती. पीडितांच्या संरक्षणाचा आग्रह मात्र त्यांनी कधी सोडला नाही. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडितांना कार्यवाहीची सूचना मिळण्याचा आणि जामीन व शिक्षेच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. महावग्गातील नियमाशी त्याचे नाते जवळचे आहे.

म्हणून सुत्त वाचताना राजवाड्याच्या दारातील आक्रोश गाळू नये, आणि त्या आक्रोशाचे उत्तर केवळ वधस्तंभ आहे, असेही मानू नये. पीडिताला प्रथम आपले सत्य न्यायासनाने मान्य केलेले हवे असते.