मंगलपूरच्या तळ्यातील पाहुणा

परग्रहावरील जीव म्हणजे स्थलांतरिताचे रूपक, हे समीकरण 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४) आणि 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) या चित्रपटांनंतर समीक्षेत चांगलेच रुळले आहे. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या 'द एलियन' या पटकथेलाही ते लावण्याचा मोह होतो. कोलंबिया कंपनीशी बोलणी होऊनही हा चित्रपट निघाला नाही; पटकथा मात्र उपलब्ध आहे, आणि ती या समीकरणाला सहजासहजी वश होत नाही.

बंगालमधील मंगलपूर या खेड्याच्या तळ्यात यान उतरते. पाण्याबाहेर आलेला त्याचा कळस पाहून गावकरी त्याला बुडालेले देऊळ समजतात. आतला चिमुकला जीव रात्रीतून भात पिकवतो, अवकाळी आंबे लगडवतो. त्याला काम नको, निवारा नको, शिधा नको. मनाला येईल तेव्हा तो परत जाऊ शकतो. अशाला स्थलांतरित कसे म्हणावे? तो अतिथी आहे.

पटकथेतील खरा स्थलांतरित बाजोरिया हा मारवाडी उद्योगपती होय. ही भूमिका पीटर सेलर्स करणार होते. 'देवळा'भोवती संगमरवर बसवून त्यावर आपले नाव कोरण्याची त्याची धडपड राय यांनी मार्मिकपणे रंगवली आहे, आणि धनलोभावरील हा उपहास रास्तच आहे. परंतु कोलकात्याच्या बडाबाजारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या समाजाचा हा प्रतिनिधी येथे केवळ हास्यविषय ठरतो. ताऱ्यांवरून आलेल्याला जिव्हाळा आणि राजस्थानातून आलेल्याला टिंगल, ही विषमता दुर्लक्षिण्याजोगी नाही. फाळणीनंतर सियालदह स्थानकाच्या फलाटांवर दिवस काढणारा निर्वासितही या पटकथेत कोठे नाही. त्याच्यासाठी ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा'कडे (१९६०) किंवा 'सुवर्णरेखा'कडेच (१९६५) वळावे लागते.

तरीही परकेपणाचे एक सूत्र या पटकथेत आहे. ते निराळ्या ठिकाणी शोधावे लागते. तिचे बीज असलेल्या 'बंकुबाबूर बंधू' (१९६२) या कथेतील बंकुबाबू हे गावच्या अड्ड्यावर नित्य चेष्टा सोसणारे शाळामास्तर. परग्रहावरून आलेला त्यांना भित्रेपणाबद्दल टोकतो, आणि त्या भेटीनंतरच त्यांना तोंड उघडण्याचे बळ येते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचलेल्या मराठी वाचकाला, माणूस आपल्याच मुलुखात उपरा कसा ठरतो, हे वेगळे सांगावयास नको. पटकथेत बंकुबाबू नाहीत. तेथे हाबा हा निराधार पोरगा आहे. अमेरिकन अभियंता, कोलकात्याचा पत्रकार, बाजोरिया हे सारे यानाचा अर्थ लावण्यात गुंतलेले असताना तो जीव शिरतो तो हाबाच्या स्वप्नात, आणि त्याच्याशी खेळतो.